केळ्या निघाला जर्मनीला

मित्रांनो, मी एक जुना होल्डॉल आहे आणि मला एका कुत्र्याचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर म्हातारा आहे म्हणजे समजूतदारही असेल, असा तुमचा गैरसमज व्हायचा.

होल्डॉल म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. पूर्वी लोक रेल्वेने लांब जायचे तेव्हा अंथरूण-पांघरूण बरोबर न्यायचे. जाड कापडाच्या एका लांब पट्टीवर गादी पसरायची, एका टोकाच्या खिशात उशी सरकवायची, सगळं गुंडाळायचं आणि वरून चामडी पट्टे आवळायचे. तो मी. गाडीत बाकावर उलगडलं की झालं घर तयार.

माझा जन्म भुसावळचा. स्टेशनजवळ अमीनभाई नावाचे कारागीर होते. त्यांनी मला खाकी कॅनव्हासमधून बेतलं आणि मेणाच्या दोऱ्याने शिवलं. दोऱ्याला मेण लावायचं काम त्यांच्या बायकोचं, मेहरुनचं. मला घ्यायला आलेल्या तरुणाला अमीनभाई म्हणाले होते, "शेठ, तुम्ही थकाल, पण हा थकणार नाही." ते तरुण शेठ म्हणजे जळगावचे कापडाचे व्यापारी सुभाषचंद. नुकतंच त्यांचं लग्न ठरलं होतं. लग्नानंतर सुगनबाईंना घेऊन ते पहिल्यांदा राजस्थानातल्या आपल्या मूळ गावी गेले, तेव्हा माझ्यावरच बसून गेले.

काय दिवस होते ते! सुरतेला कापड खरेदीला मी, शिखरजीच्या यात्रेला मी, लग्नाकार्याला मी. शेजारपाजारचे मला मागून न्यायचे आणि परत करताना म्हणायचे, "होल्डॉल असावा तर असा." माझी छाती फुगायची. एवढा हिंडलो, पण विमान मात्र मी फक्त खालून पाहिलं. एकदा तरी त्यात बसावं, समुद्रापलीकडची जमीन बघावी, अशी माझी फार इच्छा होती. सुभाषचंद म्हणायचे, "एकदा जाऊ रे परदेशी." म्हणजे ते सुगनबाईंना म्हणायचे, पण मी ते माझ्यासाठीच आहे असं धरून चाललो होतो.

मग चाकांच्या बॅगा आल्या. मी माळ्यावर गेलो. तिथली वर्षं मी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

मला खाली आणलं ते एका कुत्र्यासाठी. सुभाषचंदांची मुलगी विधी एकदा सावद्याला त्यांचे स्नेही रतिलालभाई यांच्याकडे गेली होती. तिथे केळीच्या ट्रकमध्ये, पानांच्या ढिगात एक पिल्लू कुंईकुंई करत बसलं होतं. तिने ते उचलून जळगावला आणलं आणि त्याचं नाव ठेवलं केळ्या. ना जात ना जमात, एक कान उभा तर एक पडलेला. आणि अशा या महाशयांना झोपायला काय द्यावं? तर मी! शिखरजी पाहून आलेला मी! पहिल्याच रात्री त्याने माझ्यावर काय केलं, ते मी सभ्यपणे वगळतो.

तरी मी सहन केलं. घरात सगळे त्याचे लाड करायचे. सुगनबाई माझ्याकडे ढुंकून बघत नव्हत्या, पण त्याच्यासाठी पोळीवर तूप घालायच्या. गाडीत त्याला उलटी व्हायची, म्हणून मागच्या सीटवर मला अंथरायचे. म्हणजे प्रवास माझ्या वाट्याला आलाच, पण कसा ते बघा.

अशात एके दिवशी विधीला जर्मनीत नोकरी लागली. घरात पेढे वाटले गेले. संध्याकाळी, आम्हा जैनांच्या रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवणं चालली होती, तेव्हा विधी म्हणाली, "केळ्याला पण नेणार आहे मी. तो येणार नसेल तर मीही जाणार नाही."

सुभाषचंदांच्या हातातला घास हातातच राहिला. मी तर जागच्या जागी आकसलो. केळ्या? विमानात? समुद्रापलीकडे?

"कुत्र्याला कोण घेतं विमानात?" सुभाषचंदांनी विचारलं.

"घेतात, पप्पा. नियम आहेत. त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची, म्हणजे ती त्याची ओळख. मग रेबीजची लस. महिन्याभराने रक्त काढून परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यात लस लागू पडलेली दिसायला हवी. त्यानंतर तीन महिने थांबायचं. शेवटी सरकारी डॉक्टरचा दाखला. फक्त एक लक्षात ठेवा, आधी चिप, मग लस. उलटं झालं तर लस दिलीच नाही असं धरतात."

सुगनबाई हसून म्हणाल्या, "एवढं तर तुझ्या लग्नालाही बघणार नाही आम्ही."

सुभाषचंद मात्र हसले नाहीत. ते उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

विधीला व्हिसाच्या कामासाठी पुण्याला जावं लागलं. चिप बसवणाऱ्या डॉक्टर यास्मिन धुळ्याला होत्या. केळ्याला तिकडे न्यायचं काम सुभाषचंदांवर आलं. आता या माणसाची एक सवय सांगतो. चोघडिया पाहिल्याशिवाय हे गृहस्थ काही करत नाहीत. चोघडिया म्हणजे दिवसाचे बरे-वाईट भाग. दुकानाचं शटर 'लाभ'मध्ये उघडणार, मालाची ऑर्डर 'शुभ'मध्ये देणार. त्या दिवशी सकाळी 'अमृत' होतं आणि ते संपलं की लगेच अशुभ 'काळ'. धुळ्याला पोचेपर्यंत 'काळ' लागणार! मग त्यांनी काय केलं? गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरकडे नेऊन 'अमृत'मध्ये लस टोचून घेतली आणि चिप ठेवली दोन दिवसांनंतरच्या 'शुभ'वर.

धुळ्याला यास्मिनबाईंनी चिप बसवली. केळ्या एकदाच केकाटला आणि लगेच शेपूट हलवायला लागला. मग लसीची तारीख पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काका, हे उलटं झालं. ही लस चालायची नाही. थोडे दिवस जाऊ द्या आणि परत लस द्यायला आणा. विसरू नका हं, पुढचं सगळं त्यावरच आहे."

"आणतो," सुभाषचंद म्हणाले.

परतीच्या वाटेवर मला काय आनंद झाला, सांगू? रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कपाशी मला हसताना दिसत होती. घरी पोचल्यावर सुगनबाईंनी विचारलं, "झालं का सगळं?" सुभाषचंद म्हणाले, "झालं." विधीचा फोन आला. तिलाही ते म्हणाले, "झालं." मी कोपऱ्यात घडी होऊन पडलो होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, वा शेठ, वा! माझ्या मनातलं ओळखलंत! दिवस गेले, आठवडे गेले, त्यांनी लसीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. अर्थात मला तोंड नाही, पण असतं तरी काढलं नसतं.

रक्त काढायच्या दिवशी मात्र विधी स्वतः गाडी चालवत धुळ्याला निघाली. सुभाषचंद शेजारी बसले, केळ्या माझ्यावर. यास्मिनबाई सुई हातात घेऊन म्हणाल्या, "काका, दुसरी लस कुठे घेतली मग?"

विधीने वडिलांकडे पाहिलं. सुभाषचंदांनी खिडकीबाहेर पाहिलं.

त्या दिवशी रक्त काढलंच नाही. लस मात्र दिली, आणि सगळी वाट पहिल्यापासून सुरू. परतताना विधीने पारोळ्यापर्यंत गाडी जोरात हाकली. तिथे रस्त्याच्या कडेला तिने गाडी थांबवली.

"पप्पा, तुम्ही विसरलात, की मुद्दाम?"

सुभाषचंदांनी सीटचा पट्टा सोडला. मग म्हणाले, "पहिल्यांदा चोघडिया होता. नंतर मुद्दाम."

"का? मी जाऊ नये म्हणून?"

"तू जा. तुझं चांगलं व्हावं असंच वाटतं मला. पण…" त्यांनी मागे वळून केळ्याकडे पाहिलं. "या कुत्र्यासाठी तू चिप बघितलीस, लस बघितली, रक्त बघितलं, कुठली विमानं नेतात ते बघितलं. रात्र रात्र बसलीस. आम्हा दोघांसाठी एवढं कधी बघितलंस का? हसशील तू, पण मला हेवा वाटला त्याचा. कुत्र्याचा!"

मित्रांनो, तोपर्यंत मला वाटत होतं की हा हेवा जगात मला एकट्यालाच होतो.

विधी हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. "पप्पा, मी विचारलं होतं तुम्हाला. पहिल्याच दिवशी. चला माझ्याबरोबर, म्हटलं होतं. तुम्हीच म्हणालात नको, तिथलं पाणी कसलं, जेवण कसलं."

"म्हणालो ना! नको म्हणालो!" सुभाषचंदांचा आवाज चढला. "आणि तू लगेच ऐकलंस! अगं, आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो तेव्हा वाढणारा पातेलं उचलून आत जातो का? आग्रह नको का करायला? मी एकदा नको म्हटलं आणि तू कुत्र्याचे नियम वाचायला बसलीस."

विधी त्यांच्याकडे वळली. तिने वडिलांचा हात हातात घेतला. केळ्याने मधून मान घालून दोघांचेही हात चाटले. त्याला कुठेही मध्ये घुसायची सवयच आहे.

पुढे कंपनीने विधीला उशिरा यायची परवानगी दिली. पुढच्या खेपेला सुभाषचंद स्वतः केळ्याला घेऊन धुळ्याला गेले आणि चोघडिया न बघता गेले. रक्ताचा निकाल चांगला आला. केळ्या पास झाला! घरी पुन्हा पेढे. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मंजुळाबाई त्याला आंघोळ घालता घालता म्हणाल्या, "हाऊ कुत्रा इमानमा जाई राहिना, आनि मी आजून नाशिक बी देखं नही. बठ्ठं नशीबच शे, भाभी!" अगदी माझ्या मनातलं, मंजुळाबाई! कुत्र्याला विमान आणि तुम्हाला नाशिकही नाही, सगळं नशीब, मी मनात म्हटलं.

मग आला प्रवासाचा पिंजरा. चांगला ऐसपैस, कुत्र्याला उभं राहता यावं, वळता यावं असा. आत घालायला विधीने मऊ, नवीकोरी गादी मागवली. पण केळ्या काही आत पाय ठेवीना. पेढा ठेवून झाला, पोळी ठेवून झाली. गादी त्याने दातांनी ओढून बाहेर काढली आणि येऊन माझ्यावर पसरला. जायचा दिवस तोंडावर आला, तरी तेच.

"त्याला वास ओळखीचा लागतो," विधी म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या आयुष्याचं सोनं होणार होतं! मी परदेशी जाणार! पण घडी करून, दाबून, कसाही घातला तरी मी त्या पिंजऱ्यात मावेना. अमीनभाईंनी मला माणसाच्या उंचीचा बेतला होता.

सुभाषचंद आत गेले आणि दुकानातली कापड कापायची मोठी कात्री घेऊन आले.

"अहो, आपल्या लग्नाचा आहे तो," सुगनबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर. अर्धा तिकडे, अर्धा इकडे."

कात्री सरळ चालली. व्यापाऱ्याचा हात तो. उशीच्या खिशाची बाजू पिंजऱ्यात गेली. केळ्याने एकदा हुंगलं, आत शिरला, गोल फिरला आणि झोपून गेला. मुंबईहून विधी आणि केळ्या उडाले. मी राहिलो पायाकडची बाजू.

तेव्हापासून मला केळ्याचा हेवा वाटत नाही. मला माझ्याच दुसऱ्या अर्ध्याचा वाटतो. फोनवर विधी दाखवते ना, तेव्हा तो खिडकीखाली पसरलेला असतो आणि बाहेर बर्फ पडत असतो. एका आईच्या पोटचे, एका दोऱ्याने शिवलेले आम्ही, आणि हा बर्फ बघतोय! सुभाषचंद दुपारी गॅलरीत मला टाकून माझ्यावर बसतात आणि ते चित्र पुन्हा पुन्हा बघतात. आम्हा दोघांचं त्या वेळी चांगलं जमतं.

परवा विधी फोनवर म्हणाली, "पप्पा, तुम्ही दोघं या इकडे."

"नको गं. थंडी किती असते तिथे."

"या ना, पप्पा."

"अगं, दुकान कोण बघेल?"

"पप्पा, या. मी परत परत विचारणार आहे. रोज विचारणार आहे."

"बरं, बघू," ते म्हणाले. सुगनबाई आतून ओरडल्या, "बघू काय, हो म्हणा!" दुसऱ्या दिवशी दोघं ठेवणीतले कपडे घालून पासपोर्टचा फोटो काढायला गेले. बॅग घेणार आहेत म्हणे, चाकांची.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू हाताळा, अंथरा, वेळ पडली तर कापासुद्धा, पण माळ्यावर टाकून विसरू नका. आणि घरातलं कोणी 'नको' म्हणालं, तर आणखी एकदा विचारा. मला तर कोणी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी पहिल्याच वेळी 'हो' म्हणालो असतो.