शोभेचा ओटा

आमच्या घरात दोन स्वयंपाकघरं आहेत. आम्ही श्रीमंत आहोत असं समजू नका. मूर्ख आहोत.

धायरीत फ्लॅट घेतला तेव्हा माझ्या नवऱ्यानं, सौरभनं, हौसेनं मॉड्युलर किचन करून घेतलं. पांढरा ओटा, काचेची शेगडी, चिमणी. मग त्यावर फोडणीचे डाग पडतील म्हणून जुनी शेगडी आणि सिलिंडर ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून मांडलं. तिथं एकच माणूस मावतो, तोही पोट आत घेऊन. मी तिथं पोळ्या लाटते. पोळीला साबणाचा वास, कपड्यांना पीठ. पाहुणे आतलं किचन बघून "वा!" म्हणतात आणि मी बाल्कनीतून चहा आणते. लोक कर्ज काढून सुख विकत घेतात आणि मग जन्मभर त्याची राखण करत बसतात.

बुद्ध पौर्णिमेला सकाळीच सासूबाई कात्रजहून रिक्षानं आल्या. मांडीवर हे मोठं पातेलं. तिकडं वस्तीत दरवर्षी त्यांच्या हातची खीर घरोघर जायची. यंदा ती लेकाच्या घरात शिजवायची आणि अख्ख्या इमारतीला वाटायची, एवढीच त्यांची हौस.

पातेलं बाल्कनीत शिरेना. भिंत आणि मशीनमध्ये अडकलं.

"आतल्या शेगडीवर ठेवते," सासूबाई म्हणाल्या.

सौरभ आडवा आला. "आई, ती काच आहे! मी ऑर्डर करतो ना. कपात येते, वर केशर."

"कपात? खीर आहे का आइस्क्रीम? आणि ही शेगडी कशाला घेतलीस मग?"

"दिसायला छान आहे गं."

"दिसायला तुझा बापही छान होता. त्याला काय मी कपाटात ठेवला?"

मला हसू आवरेना. पण सासूबाई हसल्या नाहीत. पातेलं काखोटीला मारून चपला शोधायला लागल्या. "तुझ्या घरात आईची खीर शिजत नसेल, तर माझी वस्ती बरी."

सौरभचा चेहरा उतरला. मी पातेलं त्यांच्या हातातून घेतलं, आतल्या शेगडीवर आदळलं आणि बटण फिरवलं.

टकटकटक. ठिणगी पडली, पण जाळ नाही. पुन्हा फिरवलं. नाही.

सौरभ फरशीवर आडवा झाला, ओट्याखाली डोकं घातलं. मग आतून त्याचं हसू ऐकू आलं.

"सोनाली, हिला नळीच नाहीये गं! शेगडी गॅसला जोडलेलीच नाही!"

सिलिंडर बाल्कनीत आणि शेगडी आत, हे आम्हा दोघांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. वर्षभर आम्ही जिची राखण केली, ती ही. सासूबाई तिथंच मांडी घालून बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

सौरभनं बाल्कनीतला सिलिंडर स्वतः ओढत आत आणला, खालच्या दुकानातून नवी नळी आणून जोडली. खीर शिजत आली आणि पांढऱ्या ओट्यावर उतू गेली. मी फडकं घेतलं.

"राहू दे," तो म्हणाला. "आधी वाढ."

दार उघडंच होतं. वासानं वरच्या मजल्यावरच्या सुहासिनीकाकू डोकावल्या आणि दबक्या आवाजात, कुणी ऐकू नये असं विचारलं, "अगं, तुम्ही आत शिजवता?"

"आजपासून," सासूबाईंनी त्यांच्या हातात वाटी ठेवली. "बसा. तुमच्या शेगडीला नळी आहे का, तेवढं बघून घ्या."