नव्वदाव्या दिवसाचा ठोकळा

मी काँक्रीटचा ठोकळा. लांबी, रुंदी, उंची सारखीच, वीतभरापेक्षा थोडी कमी. वजन आठ किलो. माझ्या नात्यातले कुणी पूल झाले, कुणी जिने झाले. मी मात्र फुटण्यासाठी जन्मलो. वाईट वाटून घेऊ नका, अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत ठोकळ्याला तेवढंच काम असतं. ठरल्या दिवशी यंत्राखाली बसायचं, किती भार सोसला तो आकडा द्यायचा आणि संपायचं.

मला घडवलं ती पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षातली मुलगी. बोलायला अगदी कमी. थोडं सिमेंट काढून त्या जागी कारखान्याच्या भट्टीतली राख घालायची, हा तिचा विषय. साच्याला तेल लावून तिने मला तीन थरांत भरलं, प्रत्येक थराला सळईचे पस्तीस टोचे. मोजताना तिचे ओठ हलत. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी साच्यातून सुटलो, पाठीवर निळ्या रंगात नंबर आला आणि रवानगी पाण्याच्या टाकीत. आम्ही नऊ भावंडं. तिघं सातव्या दिवशी फुटायचे, तिघं अठ्ठाविसाव्या, उरलेले तिघं नव्वदाव्या. मी नववा.

सातव्या दिवशीचे आकडे पडेल आले. यंत्र चालवणारे काका म्हणाले, "राख ती राखच गं. भांडी घासायला बरी." अठ्ठाविसाव्या दिवशीही फार फरक नव्हता. तिच्या सरांनी कागद लांब धरून पाहिला. "विषय बदलायचा असेल तर अजून वेळ आहे."

"राखेचं काम उशिरा सुरू होतं, सर," ती म्हणाली. "नव्वदावा दिवस बघा. तोवर विषय नाही बदलत."

तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते सर्वांत लांब बोलणं. म्हणजे आता सगळं आम्हा तिघांवर येऊन ठेपलं होतं.

मग ती पंधरा दिवस दिसली नाही. आली तेव्हा बोटात अंगठी होती. पाण्यात हात घालण्याआधी ती काढून टाकीच्या कठड्यावर ठेवायची. काका म्हणाले, "लग्न मानवलेलं दिसतंय." ती नुसती हसली.

दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली ती त्याच सुमारास. ओल्या हातांनी फोन धरता येईना, म्हणून तिने तो कठड्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. तिचे वडील होते.

"बाबा, वीस तारीख शेवटची आहे."

"अगं मग सांग ना सासरच्यांना. लग्नाच्या बैठकीत तेच म्हणाले होते, मुलीच्या शिक्षणाची काळजी आता सोडा. त्यांचा शब्द आहे. मी मध्ये भरली तर त्यांना कमीपणा येईल."

"मग तुम्हीच एकदा बोलता का त्यांच्याशी?"

"मी? मुलीकडचा माणूस मी. असं विचारतात होय?"

दोन दिवसांनी नवरा तिला न्यायला आला. माणूस वाईट नव्हता, टाकीतल्या आम्हाला वाकून पाहिलं, "एवढ्यासाठी रोज येतेस?" असंही विचारलं. मग फीचं निघालं.

"तुझे बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते ना, शिकवण्यात आम्ही कमी पडणार नाही. आई म्हणते, आपण भरली तर त्यांचा अपमान होईल."

"तू विचारून बघ ना त्यांना."

"सासऱ्यांना? काहीतरीच काय."

"लग्नात पाकिटं आली होती..."

"ती हॉलवाल्याला गेली."

तिने अंगठी बोटात घातली आणि विषय संपला. दोन्ही घरांत एकमेकांचा इतका मान होता, की फीला बसायला जागाच उरली नाही. तिला महिन्याला मिळायचं ते मानधन चार महिने 'येतंय येतंय' होतं. ती मात्र टाकीतलं पाणी बदलत राहिली.

वीस तारीख गेली. पंचवीस तारखेला नव्वदावा दिवस उजाडला.

ती सकाळीच आली. आम्हा तिघांना बाहेर काढलं, फडक्याने पुसलं, यंत्राशेजारी ओळीत मांडलं. एवढ्यात काका ऑफिसातून आलेला कागद घेऊन उभे राहिले.

"पोरी, यादीत तुझं नाव नाही. फी न भरलेल्यांना यंत्राला हात लावू द्यायचा नाही म्हणतात."

"काका, दहा मिनिटांचं काम आहे."

"ते मला कळतं गं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "असं कर, मी फोडतो. आकडा चिठ्ठीवर लिहून देतो."

मी तयार होतो. तीन महिने दुसरं केलंच काय होतं मी?

"चिठ्ठीवरचा आकडा प्रबंधात चालत नाही," ती म्हणाली. "आणि एकदा फुटला की परत नाही फोडता येत. राहू दे."

आठ-आठ किलोचे आम्ही तिघं. तिने एकेकाला पोटाशी धरून पुन्हा टाकीत सोडलं.

पुढच्या महिन्यात ती प्रवेश रद्द करायचा अर्ज घेऊन आली. प्रयोगशाळेचं काही देणं नाही, अशी काकांची सही हवी होती. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'घरगुती'. काकांनी ते वाचलं, पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग सही केली.

"पुढच्या वर्षी ये गं परत."

"बघू," ती म्हणाली. कुणाचाच अपमान न होता सगळं पार पडलं होतं.

नव्या मुलांच्या ठोकळ्यांसाठी टाकी रिकामी झाली. माझी दोन भावंडं राडारोड्यात गेली. मला काकांनी प्रयोगशाळेच्या दाराला टेकू म्हणून ठेवलं. वाऱ्याने दार आपटू नये, एवढंच आता माझ्याकडे काम. येणारेजाणारे पायाने सरकवतात. पाठीवरचा नंबर निम्मा झिजलाय.

पण राखेचं म्हणाल, तर तिचं काम आत चालू होतं. टाकीतल्या शेवटच्या आठवड्यांत ते मला माझ्या अंगात जाणवलंय. त्या मुलीचं म्हणणं बरोबर होतं की सरांचं, याचं उत्तर माझ्या पोटात आहे, आणि ते मला स्वतःला वाचता येत नाही.

म्हणून या दाराने आत येणाऱ्यांनो, एक करा. पायाने सरकवता तसं एकदा हातांनी उचला. मला त्या यंत्राखाली ठेवा आणि भार वाढवत न्या, थांबू नका. जो आकडा येईल तो तिला कळवा. वहीत कुणाच्या नावावर लिहायचा, ते तुमचं तुम्ही बघा.