फाइल सापडली नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. धुळ्याच्या एका धर्मादाय बालरुग्णालयात, मोडक्या खाटा ठेवतात त्या खोलीत सध्या माझा मुक्काम आहे. एके काळी माझ्या पडद्यावरची हिरवी अक्षरे वाचून तान्ह्या मुलांवर उपचार होत.

जळगावच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. साल होते १९९३. रुग्णालयाचे विश्वस्त हस्तीमलभाऊ यांनी मला हौसेने आणले, हार घातला. लोक चपला बाहेर काढून माझ्या खोलीत येत.

मला काम शिकवले चंद्रकांताताईंनी. त्या जळगावात संगणकाचे वर्ग चालवीत आणि प्रोग्राम लिहीत. डॉक्टरांनी बाळाला किती सलाईन द्यायचे ते ठरवले, की मिनिटाला किती थेंब सोडायचे ते मी दाखवी. त्यासाठी नळी बारीक थेंबाची आहे की मोठ्या, हे मला ठाऊक असावे लागे. ही माहिती सेटिंगच्या एका छोट्या फाइलमध्ये असे.

धुळ्यात वीज सारखी जाई. काम चालू असताना गेली, तर कधी कधी ती फाइलच नाहीशी होई. मग 'फाइल सापडली नाही' असे मी इंग्रजीत लिही आणि थांबे. सिस्टर गोंधळत. चंद्रकांताताईंना एसटीने धावत यावे लागे.

एकदा हस्तीमलभाऊ म्हणाले, "ताई, देणगीदारांसमोर हे यंत्र अडतं. बरं दिसत नाही. ते अडणारच नाही असं काहीतरी करा."

"अडलं नाही तर चुकेल, भाऊ."

"आपल्याकडे बारीक थेंबाचीच नळी असते. तीच धरून चालू द्या ना."

ताईंनी खुर्ची माझ्यापुढे ओढली. मग त्यांनी तसे लिहून दिले. फाइल नसेल तर बारीक थेंबाची नळी धरायची आणि कोणाला काही सांगायचे नाही. त्या दिवसापासून मी कधी अडलो नाही. माझे फार कौतुक झाले.

पुढच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. एकेका खाटेवर दोन-दोन मुले होती. बारीक थेंबाच्या नळ्या संपल्या आणि मोठ्या थेंबाच्या आल्या. सुगंधा सिस्टरांनी आठवणीने माझे सेटिंग बदलले. पण दुपारी वीज गेली आणि ती फाइल पुसली गेली.

वीज आल्यावर फाइल नाही हे मला कळले, मित्रांनो. पण ते सांगायची माझी वाट बंद केलेली होती. मी बारीक थेंबाचा आकडा दाखवला. एक मोठा थेंब म्हणजे तीन बारीक थेंब, म्हणून मोठ्या थेंबाच्या नळीला तो तिप्पट होता.

ते सलाईन भागाबाईच्या तान्ह्या मुलाला लागले. भागाबाई जवळच्या खेड्यातली, अहिराणी बोलणारी. तिने थोड्या वेळाने सिस्टरांचा हात धरला.

"बाई, बाटली इतली लवकर कशी सरनी? पोऱ्याना डोया सुजी गयात. त्याले दम लागी ऱ्हायना."

बाटली संपलेली, बाळाचे डोळे सुजलेले आणि त्याला धाप लागलेली पाहून सिस्टरांनी आधी नळी बंद केली, मग डॉक्टरांना हाक मारली. सगळे बाळाभोवती जमले. माझ्या पडद्यावर तो आकडा तसाच शांत उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाने डोळे उघडले आणि ते दुधासाठी रडू लागले, तेव्हा कुठे डॉक्टर खुर्चीवर बसले.

चंद्रकांताताई आल्या. माझ्याकडे न येता त्या आधी भागाबाईच्या खाटेपाशी गेल्या. म्हणाल्या, "चूक माझ्या प्रोग्रामची होती."

भागाबाईने बाळाचे पांघरूण सारखे केले. मग म्हणाली, "मंग ते नीट करा, बाई. उद्या आखो कोनं तरी लेकरू येई."

ताईंनी दिवसभर बसून मला नवे शिकवले. रोमन अक्षरांत, पण मराठीत. फाइल नसली की मी लिहू लागलो: 'नळीचे सेटिंग सापडले नाही. थेंबांचा आकडा देता येत नाही. नळी पाहून सेटिंग भरा, नाहीतर डॉक्टरांना बोलवा.' इतके लिहून मी थांबे.

हस्तीमलभाऊंनी ते वाचले. "आणि देणगीदार आले असले तर?"

"त्यांनाही वाचू द्या," ताई म्हणाल्या. होकाराची मान हलवून भाऊ वॉर्डाकडे गेले.

पावसाळ्यात एकदा पुन्हा फाइल गेली. मी थांबलो. सुगंधा सिस्टरांनी माझा मजकूर वाचला, नळीचे पाकीट उलटून तिचा प्रकार पाहिला आणि सेटिंग भरले. बाळाला हवे तेवढेच सलाईन लागले. त्याच्या आईला यातले काही कळलेसुद्धा नाही. माझ्या साऱ्या नोकरीत मला याहून मोठे समाधान लाभले नाही.

पुढे नवे संगणक आले आणि मी या खोलीत आलो. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, उद्या तुम्हीही यंत्रांना कामे शिकवाल. त्यांना 'मला माहीत नाही' हे आपल्या लोकांच्या भाषेत म्हणायला शिकवा. आणि ती तसे म्हणाली, की त्यांचे तोंड बंद करू नका.