पेटी कोणी पाडली

रविवारी चर्चमध्ये गीताचं तिसरं कडवं सुरू असताना दयारामच्या तोंडावर लख्ख उजेड पडला आणि तो चटईवर गुडघे टेकून बसला.

बाहेर संग्रामपूरच्या रस्त्यावरून आंदणाचं आरशाचं कपाट टेम्पोतून चाललं होतं. टेम्पो खड्ड्यात आदळला, आरसा हलला, ऊन खिडकीतून आत आलं. हे खिडकीजवळच्या सगळ्यांनी पाहिलं. दयारामनेही पाहिलं. पण टेम्पो निघून गेला तरी त्याला उठता येईना.

उपासनेनंतर त्याने पाळकांना सांगितलं की देवाचं तेज दिसलं. पाळकांनी हळूच टेम्पोचा विषय काढला. दयाराम म्हणाला, टेम्पोही दिसला. त्या तेजात एक पेटीही दिसली, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी नाताळच्या तयारीत मंडळीची बाजाची पेटी वेदीच्या पायरीवर आपटली होती. दयारामच्या हातून. लोक धावत आले तेव्हा तो म्हणाला होता, शेषरावनं पाडली. शेषराव पेटी वाजवायचा आणि प्यायचाही, त्यामुळे पुढे कोणी विचारलं नाही. मंडळीने त्याला माफ केलं आणि त्या दिवसापासून त्याने दारू सोडली. दर ईस्टरला तो उभा राहून साक्ष द्यायचा: पेटी पाडली, माफी मिळाली, माणूस झालो. ऐकणारे रडायचे. दयारामही डोळे पुसायचा, कारण न पुसणं बरं दिसलं नसतं. पेटी दुरुस्त झाली, पण शेषराव तिला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

तेज दिसलं त्याच दुपारी दयाराम शेषरावच्या अंगणात जाऊन बसला. सलाम झाला. शेषरावची बायको कलाबाई चहा ठेवायला आत गेली.

"शेषराव, पेटी मी पाडली व्हती."

शेषराव भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. त्याने हातातली फोडली, दाणे खाल्ले.

"माहीत हाये. मी समोरच उभा व्हतो नं बे."

"मंग बोलला काऊन नाही?"

"बोलनारच व्हतो. तेवढ्यात पाळकसाहेब म्हने, शेषराव, तुले माफ केलं." त्याने दुसरी शेंग फोडली. "तोवर मले कोनं कायचीच माफी देल्ली नव्हती. मागायचं त लय व्हतं. पेटीच्या नावानं सारं मागून घेतलं."

आत कपबश्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

येत्या रविवारी आपण उभं राहून खरं सांगणार, असं दयाराम म्हणाला.

"तू दुसरं पाप पाह्य," शेषराव म्हणाला. "हे माह्यं हाये."

"मंग मले माफी कशी भेटन?"

शेषरावने शेंगांचं सूप त्याच्याकडे सरकवलं.

रविवारी पाळकांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे? दयाराम उभा राहिला. आठवडाभरात त्याला तीन पापं सापडली होती, पण पेटीच्या मापाचं एकही नव्हतं. तो तसाच उभा राहिला. मंडळी वाट पाहत राहिली.

"उभाच हायेस त इकडं ये," कोपऱ्यातून शेषराव म्हणाला. त्याने पेटीची एक कडी धरली होती. "दोन्ही हातानं धर."

दोघांनी पेटी उचलली. वेदीच्या त्याच पायरीशी आल्यावर शेषरावने आपली बाजू दयारामच्या हातावर टेकवली, कडी सोडली, आणि पुढे जाऊन चटई सरळ करू लागला.

चटई सरळच होती.