वनमालाताईंच्या तोंडातला लाडू

"वनमाला येणार असली का तो परसादाचा डब्बा आत ठेवत जा," सासूबाईंनी भावनाला बजावलं होतं. "नवी आहे ती ख्रिस्ती विश्वासात. तिले नाही चालत."

"आई, लाडवात बेसन अन् साखर. अजून काय असणार?" भावनानं ते उडवून लावलं आणि मीराची बाटली उकळायला टाकली. एम.एस्सी. झालेली भावना जंतूंना भ्यायची, लाडवांना नाही. दोन वर्षांची मीरा नुसती शिंकली तरी घरात थर्मामीटर निघायचा.

तेलीबांधा भागातल्या त्या इमारतीत गणपतीत समोरच्या मंदाकिनीकाकूंकडून रोज काहीतरी यायचं. भावना जन्मापासून ख्रिस्ती. शेजारणीनं प्रेमानं दिलेलं ती प्रेमानं खायची. वनमालाताईंचं तसं नव्हतं. त्यांनी ईस्टरला बाप्तिस्मा घेतला आणि ब्राह्मणपारा वस्तीतलं माहेर त्यांना कायमचं बंद झालं.

भावनाकडे घरगुती प्रार्थना होती त्या दिवशी ताई येऊन टेकतात न टेकतात तोच मीरानं हातातला उष्टा लाडू त्यांच्या तोंडात कोंबला.

"गोड पोट्टी! कोणी केला गं लाडू?"

"समोरच्यांच्या गणपतीचा प्रसाद," भावना बोलून गेली.

ताई धावल्या त्या थेट बेसिनशी. थुंकणं, खाकरणं, चुळांवर चुळा. आणि भावनाला हसू फुटलं. दाबायला गेली तर चहा नाकातून आला.

ताईंनी पर्स उचलली, चपला घातल्या, गेल्या. रविवारी उपासनेला आल्या नाहीत, पुढच्या रविवारीही नाहीत. फोन उचलेनात.

"हसली काहून पण तू?" नवरा सुशील म्हणाला.

भावनाला आता वाटू लागलं: माहेर सुटलेलं, आता चर्चची मंडळीही सुटली तर ही बाई जाणार कुठे?

शेवटी मीराला कडेवर घेऊन ती बुढापारा वस्तीत ताईंच्या खोलीवर निघाली. रिक्षात तिनं झकास भाषण जुळवलं: खाण्यानं माणूस देवापासून दूर कसा जात नाही, अगदी मुद्देसूद. ताईंनी दार उघडलं. चेहरा असा उतरलेला, की भावनानं भाषण तिथंच सोडून दिलं.

"चुकलं माझं, ताई. हसायला नको होतं."

"तू लहानपणापासून इकडली. तुले लाडवात लाडूच दिसते," ताई म्हणाल्या. "मले वाटते, तो तोंडात गेला अन् मी परत जुन्याच जागी हात जोडून उभी आहो. तुले पटत नसन."

'तसं नसतं हो,' अगदी ओठांवर आलं होतं. भावनानं ओठ मिटले.

"तुम्ही असाल तेव्हा आमच्याकडे प्रसाद बाहेर निघणार नाही," ती म्हणाली.

"अन् मी नसताना?"

"खाईन. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

ताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "बदमाश! येते मी रविवारी. पण मले समजावत बसू नको."

"हव," भावना म्हणाली. आणि हे समजावणं गिळणं तिला अजूनही जड जातं.

रविवारी ताई आल्या, मागच्या बाकावर बसल्या. तेव्हापासून प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटले की भावना एक डोळा किलकिला करून पाहून घेते, आज कोण नाही? आणि भेटेल त्याला विचारते, म्हणून तुम्हालाही: तुमच्या मंडळीतलं कोण हल्ली दिसत नाही? फोनवर भागवू नका. आजच त्यांच्या घरी जाऊन या, आणि गेल्यावर आधी त्यांचं ऐका.