भिकुअक्कांच्या घड्याळाचं रबर

अमळनेरच्या स्टँडजवळ मी घड्याळं दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकांना नेहमी झापतो, मागं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलंय म्हणून ते जन्मभर पाणी अडवत नाही. झाकणाखालचं रबर दोन-तीन वर्षांत कडक होतं. सेल बदलला की रबरही बदलायचं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

आषाढात भिकुअक्का आल्या. त्यांचा मुलगा अमृत तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याचं घड्याळ तेव्हापासून त्यांच्या मनगटावर. सेल संपला होता, तो मी बदलला. रबर पार चपटं झालं होतं, पण त्या मापाचं नवं शोधायचा कंटाळा आला. जुनंच दाबून बसवलं.

“कानबाईना इसर्जनले नदीमा उतरनं शे. पानीमा चाली ना, नवलभाऊ?”

“बिनधास्त उतरा,” मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

श्रावणातल्या सोमवारी कानबाईचं, आमच्या खानदेशातल्या देवीचं, विसर्जन झालं. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी अक्का दुकानात आल्या, अनवाणी, तोंड सुकलेलं. घड्याळाच्या काचेआड वाफ साचली होती आणि काटे थांबले होते.

“कानबाई माय मन्हावर कोपनी, भाऊ. तिले पानीमा सोडं आनि तठेच घड्याय बंद पडनं. निवदना रोटमा काही चुकनं व्हई मनं. तवयपाशी अन्न सोडेल शे. नुसता चहावर शे.”

मी झाकण उघडलं. आत गंज. रबर चिमट्यात धरताच तुटलं.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. माझं पाप अक्कांनी आधीच स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मला लाज वाटली. मी चिमटा खाली ठेवला.

“अक्का, माय कोपलेली नाही. मीच रबर बदललं नव्हतं. कंटाळा केला आणि वर तुम्हाला खोटं सांगितलं. नवं मशीन टाकून चालू करून देतो, पण चूक माझी आहे.”

“मंग माय रागे नही?”

“नाही.”

त्यांनी डोळे मिटून हात जोडले, कानबाईला. मग माझ्याकडे बघितलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आठ दिन उपाशी शे मी, भाऊ. तुना एक रबरपायी.”

मी माझा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

“तू बी खाय,” म्हणाल्या.