टाकीचा श्वास

“सोने, हात लावायच्या आधी कान लाव. इंजिन आपलं दुखणं आपणच सांगतं.”

माहेरी निरवांगीच्या मळ्यात विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसून बाप असं म्हणायचा. सोनम तेव्हा सात वर्षांची. इंजिन धडधडायचं, पाण्याचा लोंढा पाटात उतरायचा आणि बाप डोळे मिटून ऐकत राहायचा, जणू तापल्या लेकराच्या छातीलाच कान लावलाय. पुढे बाप गेला, इंजिन गेलं, विहिरीवर विजेची मोटार आली. आवाज तेवढा तिच्या कानात राहिला.

कळस गावी सून म्हणून आली तेव्हा रुखवतातल्या भांड्यांबरोबर बापाची पान्यांची पिशवीही आली. बायका हसल्या. पण पहिल्याच वर्षी सासऱ्यांची, दत्तोबांची, बंद पडलेली मोटारसायकल तिनं चालू केली. मग शेजारच्यांची केली. गेली चार वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या यायच्या, धडधाकट होऊन जायच्या आणि गाव म्हणायचं, “दत्तोबाच्या विजयसिंहाच्या हाताला गुण हाय बरं का!”

विजयसिंह म्हणजे सोनमचा नवरा. बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला. सकाळी सातला जायचा, दिवस कलताना यायचा. त्याला पंक्चर सोडून गाडीतलं दुसरं काही कळत नव्हतं. पण पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं तेव्हा दत्तोबा पटकन बोलून गेले होते, “आमचा विजय बघतो की.” सुनेला ग्रिसात बसवलं असं लोकांनी म्हणू नये, एवढंच त्यांच्या मनात. ते एक वाक्य रुजलं आणि त्याचं झाड झालं. मग रोज संध्याकाळी चहाच्या वेळी सोनम सांगायची, अमुक बिघाड होता, तमुक केलं. आणि शाळेतल्या पोरानं कविता पाठ करावी तसा विजयसिंह ते पाठ करून गिऱ्हाइकापुढे म्हणायचा.

त्या शुक्रवारी जळोचीहून आप्पासाहेब आले. मोठे ऊस बागायतदार, दत्तोबांचे जुने स्नेही. टेंपोतून त्यांनी तीस वर्षांची एक मोटारसायकल उतरवली. लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा याच गाडीवरून घरी आणलेलं.

“दत्तोबा, तीन गॅरेजं झाली,” आप्पासाहेब म्हणाले. “गाडी सुरू हुती, एक-दीड किलोमीटर जाती आन् मरती. जरा थांबलं की परत सुरू. तिघांनी कार्बोरेटर धुतला. आता तुमच्या विजयला दावा. रविवारी येतो.”

“विजय बघंल की,” दत्तोबा म्हणाले.

सोनम दाराआड चहाचे कप घेऊन उभी होती. हे वाक्य तिनं शंभरदा ऐकलं होतं. आज मात्र ते बोटात काच शिरावी तसं शिरलं.

दुपारी तिनं पदर खोचला आणि गाडी उघडली. कार्बोरेटर खोलून परातीत मांडला. धान्य निवडायला बसावं तशी बसली. त्याच्या खालच्या वाटीत चिकट पिवळा साका. रबराचा वायसर फुगून ओघळलेला. जुन्या गाडीचं रबर, इथेनॉल मिसळलेलं नवं पेट्रोल त्याला सोसत नव्हतं. तिनं नवा वायसर घातला, पेट्रोलची कडक झालेली नळी बदलली, मधे छोटा फिल्टर बसवला. इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी जेटचं भोक केसाएवढं. तिथं तार घालायचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि भोक एकदा मोठं झालं की जेट गेलाच. तिनं नुसती हवा मारली आणि उन्हाकडे धरून पाहिलं. भोकातून सूर्याचा एक ठिपका उतरला, गोल, स्वच्छ.

गाडी एका किकमध्ये सुरू झाली. पण अंगणात सुरू होणं निराळं. दुखणं दीड किलोमीटरवरचं, तर दीड किलोमीटर जायलाच हवं होतं. आजवर तिनं कधी शेडबाहेर गाडी काढली नव्हती. तिनं ओट्याकडे पाहिलं. दत्तोबा बसले होते.

“आबा, रस्त्यावर न्यावी लागंल.”

दत्तोबांनी गावाच्या दिशेनं पाहिलं, मग गाडीकडे. “कालव्याच्या बाजूनं जा,” एवढंच म्हणाले.

कालव्याकडेला दोन्ही हातांना ऊस उभा, मधून ती निघाली, पदर कमरेला, कान इंजिनाला. बांधावर खुरपत बसलेली शेजारची भागूबाई ताडकन उठली.

“अगं बया! कुणाची गाडी पळीवली गं?”

“जळोचीच्या आप्पासाहेबांची!”

“मग तिकडं जाऊ नगं, सापडशील!”

सोनम हसली, आणि हसता हसताच तिला ऐकू आलं. इंजिनाचा आवाज बारीक होत चालला होता. खोकत नव्हतं, अडखळत नव्हतं. नाक दाबलेल्या माणसासारखं घुसमटत होतं. पुढच्या वळणाला ते विझलं.

तिनं कार्बोरेटरला हात लावला नाही. टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स!

टाकीनं लांब श्वास घेतला. सोनमनं झाकण पुन्हा बसवलं, किक मारली, गाडी सुरू! तिला वाटलं, कालव्याच्या पाण्यालाही सांगावं.

घरी येऊन तिनं झाकण उलटं केलं. पेट्रोल जसं खाली जातं तशी वरून हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते एमसीलच्या लुकणानं पक्कं लिंपलेलं होतं. तिन्ही गॅरेजवाल्यांनी हेच झाकण काढून नुसतं बाजूला ठेवलं असणार.

“आबा, बघा.”

दत्तोबा शेडमध्ये आले. एरवी ते ओट्यावरूनच बघायचे. आज गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. सोनमनं सुईनं एमसील कोरून काढलं, कण कण. झाकण ओठांशी धरून फुंकलं, तर हवा आरपार. म्हातारा तिथंच खाली बसला. ती दुसरी फेरी मारून आली तेव्हाही तिथंच बसून होता. तिनं प्लग काढून दाखवला. टोक अजून पांढरटच होतं. “पेट्रोल कमी पडतंय अजून, आबा. नव्या पेट्रोलला जेट एक नंबर मोठा पायजे.” शनिवारी तिनं तो बसवला, दोन फेऱ्या मारल्या, प्लग पुन्हा काढला. आता टोक भाजल्या शेंगेच्या टरफलासारखं तपकिरी होतं. गाडी कालव्याच्या टोकापर्यंत जाऊन आली, एकदाही न अडखळता.

संध्याकाळी विजयसिंहानं चहा ओतून घेतला. “हं, सांग. काय होतं?”

“ह्या गाडीचं नाही सांगणार.”

“आन् उद्या मी काय बोलू?”

“माहीत नाही म्हणा. खरंच आहे ते.”

विजयसिंहानं बशी खाली ठेवली. म्हणाला, “मलाबी जड झालंय गं ते पाठांतर. पण आबांचा शब्द हाय.”

रविवारी आप्पासाहेब आले. गाडीवर बसले, कालव्याच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि अंगणात उतरले तेव्हा तोंडभर हसत होते.

“विजय, लेका, जादू केलीस! काय दोष हुता सांग तरी.”

विजयसिंह उभा राहिला. “मला माहीत न्हाय, आप्पासाहेब.”

“आरं, चेष्टा करतूस व्हय?”

सोनम अंगणातल्या चुलीपाशी उभी होती. दोन पावलं पुढं यावं, सांगून टाकावं, असं तिच्या जिभेवर आलं. ती थांबली. हे श्रेय तिनं मागून घ्यायचं नव्हतं.

दत्तोबा ओट्यावरून सावकाश उतरले. त्यांनी टाकीचं झाकण काढलं आणि आप्पासाहेबांपुढं धरलं.

“ह्या भोकाला एमसील कुणी लावलं?”

“मीच की! पेट्रोलात आता आपल्या उसाचं इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं म्हणं. म्हणून हवाच बंद केली.”

“दोष तो हुता. टाकीला श्वास घेता येत नव्हता. तीन गॅरेजवाल्यांना दिसला न्हाय.”

“आन् तुम्हाला दिसला?”

“मला कुठला दिसतोय, आप्पासाहेब,” दत्तोबा म्हणाले. त्यांचा आवाज गल्लीपर्यंत जाईल एवढा मोठा झाला. “माझ्या सुनंला दिसला. सोनमला. ही गाडी तिनं केली. हितं आलेली एकूण एक गाडी तिनंच उघडली आन् तिनंच जोडली. चार वरसं मी लोकांच्या तोंडाला भिऊन विजयचं नाव सांगत आलो. मेस्त्री माझी सून हाय!”